निनवा वाचले याचा राग कोणाला आला?



गेल्या महिन्यात एका ओळखीच्या घरी आयत-ए-करीमाचा खतम होता. मुलाच्या नोकरीचे काम अडले होते, म्हणून घरच्यांनी सव्वा लाखाची नियत केली होती. बाहेरच्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली, मधोमध खजुराच्या बियांचा ढीग. प्रत्येकाने मूठभर बिया आपल्यापुढे ओढायच्या आणि एकदा वाचून झाले की एक बी बाजूला टाकायची. आत बायका, बाहेर आम्ही पुरुष आणि मदरशातून बोलावलेली दहा-बारा मुले.

माझ्या शेजारचे चाचा एका हाताने बिया सरकवत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होते. कुठल्या तरी देशातल्या पुराचा व्हिडिओ होता. मोटारी पाण्यातून वाहत चालल्या होत्या, माणसे छतांवर उभी होती. चाचांनी मोबाइल माझ्यापुढे धरला, एक बी टाकली आणि हळूच म्हणाले, "देखो, अल्लाह का अजाब. बहुत मस्ती आयी थी इन लोगों को."

ती बी कशासाठी टाकली गेली होती? माशाच्या पोटात, अंधारात, हजरत यूनुस (अ.) यांनी जी दुआ मागितली तिच्यासाठी. त्या दुआचा आशय तीन गोष्टींचा आहे. अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही. तो प्रत्येक दोषापासून मुक्त आहे. आणि जुलूम करणारा दुसरा कोणी नाही, मीच आहे. तोंडाने "जालिम मी" म्हणायचे आणि त्याच क्षणी बोटाने "अजाब त्यांच्यावर" दाखवायचा! सव्वा लाख काय, सव्वा कोटी बिया टाकल्या तरी हे गणित जुळणार नाही.

चाचांवर बोट ठेवून मी मोकळा होऊ शकत नाही. 2020 च्या सुरुवातीला चीनमध्ये साथ पसरली, तेव्हा उइगूर मुसलमानांवरील जुलमाची ही शिक्षा आहे असा संदेश आपल्याकडे फिरत होता. उइगूरांवरचा जुलूम खरा आहे, त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण तो संदेश जुलमाविरुद्ध नव्हता, मरणाऱ्या माणसांवर होता. मी तो पुढे पाठवला आणि पाठवताना मला बरे वाटले, हे आज कबूल करतो. दोन-तीन महिन्यांत रमजान आला. मशिदीला कुलूप होते, तरावीह घरात झाली, आणि माझ्या मामूंच्या जनाज्याला आम्ही मोजके पाच-सहा जण होतो. तेव्हा आमची भाषा बदलली. आम्ही म्हणू लागलो, ही अल्लाहकडून आजमाइश आहे. वुहानमध्ये मेला तो अजाबाने मेला आणि आमच्या गल्लीत मेला तो परीक्षेत उतरला! हा निवाडा कोणी केला? त्याच दिवसांत या देशात काही लोक आमच्याकडे बोट दाखवून "साथ यांनीच आणली" असे म्हणत होते. ते बोट किती टोचते हे तेव्हा कळले.

म्हणून हा लेख. माझे म्हणणे एकच आहे. हजरत यूनुस (अ.) यांच्या कथेला आपण अडलेली कामे सोडवण्याचा वजीफा करून टाकले आहे. वजीफ्याला माझा विरोध नाही. जो मुसलमान या दुआने अल्लाहला हाक मारेल त्याची हाक ऐकली जाईल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस तिर्मिजीत आहे. पण या कथेचा गाभा दुसरा आहे. आज्ञापालन म्हणजे नुसता हुकूम उचलणे नव्हे. ज्याचा हुकूम आपण मानतो त्याने कोणावर दया केली, तर ती दया मान्य करणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. नेमके इथेच आपण नापास होतो.

कुरआन काय सांगते

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रेषितांच्या चुका काढणे हा माझा हेतू नाही, तो माझा अधिकारही नाही. यूनुस बिन मत्तापेक्षा मी श्रेष्ठ आहे असे कोणी म्हणू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण बुखारीत आहे. उलेमांनी बजावले आहे की यूनुस (अ.) यांच्याकडून झाली ती बंडखोरी नव्हती, परवानगी येण्याआधी जागा सोडण्याची घाई होती. पण ही घाई कुरआनने लपवलेली नाही. सूरह अल्-अम्बिया, अस्-साफ्फात आणि अल्-कलम या सूरहांत तिचा उल्लेख आहे. अल्लाह एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो ती आपल्यासाठी सांगतो.

यूनुस (अ.) यांनी आपल्या कौमला सत्याकडे बोलावले. कौमने ऐकले नाही. अजाबाचा इशारा दिला गेला. मग ते रागावून निघून गेले. सूरह अस्-साफ्फातमध्ये त्यांच्या जाण्यासाठी जो अरबी शब्द आला आहे तो मालकाच्या घरून पळालेल्या गुलामासाठी वापरतात. हा शब्द वाचताना अंगावर काटा येतो. प्रेषितसुद्धा मालकाच्या हुकुमाशिवाय आपली जागा सोडू शकत नाही, मग आपली काय कथा?

भरलेल्या जहाजात चिठ्ठ्या पडल्या, त्यांचे नाव निघाले आणि माशाने त्यांना गिळले. कुरआन म्हणते, ते अल्लाहची पाकी बयान करणाऱ्यांतले नसते तर उठवले जाण्याच्या दिवसापर्यंत तिथेच राहिले असते. मग ते उघड्या किनाऱ्यावर टाकले गेले. प्रकृती ढासळलेली होती. अल्लाहने त्यांच्यावर सावलीसाठी एक वेल उगवला. बहुतेक मुफस्सिर तो भोपळ्याचा सांगतात. त्यानंतर एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे त्यांना पाठवल्याचा उल्लेख येतो. त्या लोकांनी ईमान आणले आणि त्यांना ठरावीक मुदतीपर्यंत जगू दिले गेले.

सूरह यूनुसमध्ये तर ही कौम सगळ्या इतिहासात अपवाद म्हणून उभी आहे. अजाबाची चाहूल लागल्यावर ईमान आणले आणि त्या ईमानाचा उपयोग झाला, अशी वस्ती एकच. आद, समूद, नूह (अ.) यांची कौम, लूत (अ.) यांची वस्ती, हे सगळे नष्ट झाले. निनवा वाचले. आपल्या तकरीरींमध्ये मात्र आद-समूद रोज येतात आणि निनवा क्वचितच येते. हे मला विचित्र वाटते. नष्ट झालेल्या वस्त्यांच्या गोष्टी ऐकवायला आपल्याला इतके का आवडते?

निनवा म्हणजे कोण

निनवा हे भोळ्याभाबड्या लोकांचे गाव नव्हते. आजच्या इराकमध्ये मोसुल शहर आहे. त्याच्यासमोर, दजला नदीच्या पूर्व काठावर निनवाचे अवशेष आहेत. असुरी साम्राज्याचे हे महत्त्वाचे शहर, पुढे त्याची राजधानी. असुरी राजांनी आपल्या महालांच्या भिंतींवर आपले पराक्रम स्वतःच कोरून ठेवले आहेत. राजा सेन्नाचेरिबच्या निनवातील महालातून निघालेले लाखीश शहराच्या वेढ्याचे शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते शहर इसवी सन पूर्व 701 मध्ये पडले. त्या पटांवर कैद्यांचे हाल कोरलेले आहेत. हे शत्रूने केलेले वर्णन नाही, त्यांनी स्वतः मिरवलेले आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, इसवी सन पूर्व 722 च्या सुमारास, इस्राएलचे उत्तरेकडील राज्य याच साम्राज्याने बुडवले होते.

म्हणजे ज्यांच्याविषयी "यांच्यावर अजाब यावा" असे म्हणायला कोणालाही कारण सापडले असते, असे ते लोक. आणि अल्लाहने नेमके तेच उदाहरण निवडले.

बायबलमध्ये योना नावाचे चार अध्यायांचे छोटे पुस्तक आहे. त्यात शेवटी असे येते की शहर वाचले म्हणून योना रागावतो. तो म्हणतो, तू दयाळू आहेस हे मला माहीत होते, म्हणूनच मी पळालो होतो. मग त्याच्यावर सावली धरणारा वेल वाळतो आणि त्याला त्या वेलाचे वाईट वाटते. तेव्हा परमेश्वर त्याला विचारतो की तू न लावलेल्या वेलासाठी तुझा जीव तुटतो, मग उजवे-डावे न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि इतक्या गुराढोरांच्या शहरासाठी मला काहीच वाटू नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपते. उत्तर नाही.

हा रागाचा प्रसंग कुरआनात नाही, आणि प्रेषितांविषयी बायबलमध्ये येणारे सगळेच आपण स्वीकारत नाही. यूनुस (अ.) यांच्याबाबत मी तो मानत नाही. पण माझ्याबाबत? माझ्याबाबत तो शब्दशः खरा आहे. माझा वेल वाळला की मला रडू येते आणि दुसऱ्याचे शहर बुडाले की मी व्हिडिओ पुढे पाठवतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, काहींना ती खटकेल. योम किप्पूर हा यहुद्यांचा तौबाचा दिवस. त्या दिवशी ते उपवास करतात आणि दुपारच्या प्रार्थनेत योनाचे हे पुस्तक वाचतात. यात आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायलही आले. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. केरळमधील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती आजही निनवाच्या तौबाची आठवण म्हणून तीन दिवसांचा उपवास पाळतात. म्हणजे ज्या साम्राज्याने त्यांच्या पूर्वजांचे राज्य बुडवले, त्या साम्राज्याच्या शहराला माफी मिळाल्याची कथा यहुदी लोक आपल्या सर्वांत पवित्र दिवशी स्वतःला ऐकवतात. आणि आपल्यातले काही वक्ते दुआला हात उचलून सरसकट सगळ्या यहुद्यांच्या नाशाची मागणी करतात. गाझामध्ये मुले मारली जातात त्याविरुद्ध आवाज उठवणे आपले कर्तव्य आहे, त्यात कसूर करू नये. पण जालिमाचा हात रोखण्याची दुआ वेगळी आणि अख्ख्या कौमच्या अजाबाची मागणी वेगळी.

नून हे अक्षर

या कथेशी खेळ केला की काय होते, हे आपल्या डोळ्यांदेखत त्याच निनवात घडले आहे. त्या अवशेषांतल्या एका टेकडीचे नावच नबी यूनुस. तिच्यावर यूनुस (अ.) यांची म्हणून मानली जाणारी कबर आणि मशीद होती. मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही त्या जागेचा आदर करत. 24 जुलै 2014 रोजी दाएशच्या लोकांनी ती मशीद सुरुंग लावून उडवली. त्याच महिन्यात मोसुलमधल्या ख्रिस्त्यांच्या घरांवर त्यांनी एक अरबी अक्षर रंगवले. नून. नसरानी, म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे पहिले अक्षर. त्या घरांतल्या लोकांना धर्म बदला, जिझिया द्या, नाहीतर तलवार, असे सांगितले गेले. हजारो कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी शहर सोडून गेली.

आता कुरआन उघडा. यूनुस (अ.) यांना कुरआन जुन्-नून म्हणते, म्हणजे नूनवाले, माशावाले. अरबीत नून म्हणजे मासा. आणि जी सूरह नून या अक्षराने सुरू होते, ती अल्-कलम, तिच्याच शेवटी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले आहे की आपल्या पालनकर्त्याच्या निर्णयापर्यंत धीर धरा आणि माशावाल्यासारखे होऊ नका. म्हणजे जे अक्षर घाई न करण्याची, लोकांना सोडून न देण्याची आठवण आहे, तेच अक्षर या लोकांनी माणसांना हाकलण्यासाठी भिंतींवर रंगवले. तेही यूनुस (अ.) यांच्याच शहरात! आणि स्वतःला ते अल्लाहचे सर्वांत आज्ञाधारक बंदे म्हणवत होते.

आपण म्हणू, ते खवारिज, आमचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध नाही, अल्हम्दुलिल्लाह. मुसलमानांनीच त्यांचा निषेध केला आणि त्यांच्याशी लढून मोसुल परत घेतले. पण त्यांच्या रोगाचे बी ओळखायला हवे. कोण अजाबाचा हक्कदार हे मला कळते, अशी खात्री म्हणजे ते बी. ते सुरुंगात असते तसे मोबाइलमध्येही असते.

ताइफचा रस्ता

याउलट सूरह अल्-कलमचा हुकूम प्रेषितांनी (स.) कसा पाळला ते पाहा. इसवी सन 619 च्या सुमारास ते ताइफला गेले. तिथल्या सरदारांनी झिडकारले, मवाल्यांना मागे सोडले, दगडांनी पाय रक्तबंबाळ झाले. बुखारी आणि मुस्लिममध्ये येते की परतीच्या वाटेवर पर्वतांचा फरिश्ता हजर झाला. इशारा करा, दोन्ही डोंगर यांच्यावर मिळवून टाकतो, असे त्याने सुचवले. अजाब मागायची गरजही नव्हती, तो विचारायला आला होता. प्रेषितांनी (स.) नकार दिला. यांच्या वंशातून एकाच अल्लाहची उपासना करणारे निघतील अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

आणि त्याच प्रवासात, सीरतच्या ग्रंथांनुसार, एका बागेत अद्दास नावाचा ख्रिस्ती गुलाम त्यांच्यासाठी द्राक्षे घेऊन आला. कुठला, असे विचारले तर म्हणाला, निनवाचा. प्रेषित (स.) म्हणाले की ते तर नेक माणूस यूनुस बिन मत्ताचे गाव, आणि यूनुस आपले भाऊ, तेही नबी होते. ताइफच्या सगळ्या दगडांनंतर ज्या एका माणसाने त्या दिवशी आदराने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले, तो निनवाचा होता. शेकडो वर्षांपूर्वी मिळालेल्या माफीच्या गावचा माणूस! मला यात योगायोग दिसत नाही. आणि ताइफ? अवघ्या अकरा वर्षांत तेही मुसलमान झाले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. "म्हणजे वाइटाला वाईट म्हणू नये? अम्र बिल मारूफ सोडून द्यावे?" मुळीच नाही. यूनुस (अ.) यांनी इशारा दिला, ते त्यांचे कामच होते. इशारा दिला गेला म्हणूनच तर निनवा वाचले. पण इशारा देणारा आणि निकाल देणारा यात फरक आहे. इशारा देणाऱ्याला आशा असते की समोरचा वाचेल. निकालाची वाट पाहणाऱ्याला भीती असते की समोरचा वाचेल. आपल्या भाषणातून यातले काय डोकावते, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

दुसरा आक्षेप, "अजाब येतोच ना? कुरआनातच आहे." येतो. पण अमुक आपत्ती अमुक लोकांवरचा अजाब आहे हे प्रेषितांना वह्यीने कळत असे. आपल्याला वह्यी येत नाही, फक्त फॉरवर्ड येतात. लोक बरबाद झाले असे म्हणणारा त्यांच्यातला सर्वांत बरबाद, असा इशारा देणारी हदीस मुस्लिममध्ये आहे. अमक्याला अल्लाह माफ करणार नाही अशी शपथ घेणाऱ्याची हदीसही तिथेच आहे. अल्लाहने त्या अमक्याला माफ केले आणि शपथ घेणाऱ्याची कर्मे वाया घालवली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. "आमची घरे जळतात, आमच्या पोरांना रस्त्यात गाठून मारतात, आणि तुम्ही माफीचे धडे देता?" नाही. निनवाची तौबा स्वस्त नव्हती. हजरत इब्न मसऊद (रजि.) यांच्या हवाल्याने तफसीरमध्ये येते की त्या लोकांनी एकमेकांचे लुबाडलेले हक्क परत केले. हडपलेला दगड घराच्या पायात बसवला असेल तर तो पायातून उपटून मालकाला दिला. यहुद्यांच्या तलमूदमध्येही असेच आहे, फक्त तिथे दगडाऐवजी तुळई आहे. दोन परंपरा एका मुद्द्यावर ठाम आहेत. बांधलेली भिंत पाडावी लागली तरी पाडा, पण दुसऱ्याचा दगड परत करा. म्हणून न्याय मागणे, कोर्टात उभे राहणे, साक्ष देणे, हे रहमतीच्या विरुद्ध नाही. जालिमाने दगड परत केल्याशिवाय त्याची तौबा पुरी होत नाही. पण तो दगड परत करायला आला, तर आपण दार उघडणार की नाही? प्रश्न एवढाच आहे.

पहिल्या सफमधला माणूस

आता माझ्या मोहल्ल्यातली गोष्ट. एक माणूस बरीच वर्षे मटक्याचे आकडे घ्यायचा. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांचा पगार त्याच्या वहीत गेला. काही वर्षांपूर्वी त्याने तो धंदा बंद केला आणि रमजानच्या पहिल्या दिवसापासून मशिदीत पहिल्या सफमध्ये उभा राहू लागला. चार-पाच दिवस लोकांनी नुसते पाहिले. मग एका संध्याकाळी, वुजूच्या जागी, कोणीतरी त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "सौ चूहे खाके बिल्ली हज को चली." सगळे हसले. मीही हसलो. खरे सांगायचे तर मला राग होता. आम्ही लहानपणापासून नमाजी, आणि हा काल आलेला आमच्या पुढच्या सफमध्ये!

तो दुसऱ्या दिवशी शेवटच्या सफमध्ये उभा राहिला. आठवड्यानंतर दिसेनासा झाला.

वर्षभराने एका विधवा आपाकडून कळले की तो रमजानच्या आधी तिच्या घरी गेला होता. तिच्या मरहूम नवऱ्याने जेवढे पैसे हरले होते त्याचा हिशेब त्याने वहीतून काढला होता आणि हप्त्याहप्त्याने परत करत होता. आणखीही काही घरी तो गेला होता. म्हणजे आम्ही हसत होतो तेव्हा तो पायातले दगड उपटून घरोघर पोचवत होता. निनवाचा माणूस आमच्या मशिदीत आला होता आणि आम्ही त्याला वुजूच्या नळावरून परत पाठवले.

मी त्याला शोधले. आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गॅरेजमध्ये कामाला आहे आणि तिथल्याच मशिदीत नमाज पढतो. मी माफी मागितली. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "छोडो भाई, मैं तो उसी के घर आया था, तुम्हारे घर थोडे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या मशिदीत तो अजून आलेला नाही. मी बोलावले आहे. यावे की नाही हा त्याचा हक्क आहे.

माझी पाच वक्तांची नमाज होती, रोजे होते, जकात होती. हुकूम सगळे पाळत होतो. तरी अल्लाहने ज्याच्यासाठी दार उघडले त्याला मी दारात अडवले. याला आज्ञापालन म्हणायचे? मालकाच्या दारात उभे राहून मालकाच्या पाहुण्याला हाकलणाऱ्या नोकराला आपण आज्ञाधारक म्हणतो का?

मग करायचे काय

इमामसाहेबांना आणि वक्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आद-समूद जरूर सांगा, पण निनवाही सांगा. कुठे पूर, भूकंप, आग झाली तर अजाबाचा निकाल मिंबरवरून देऊ नका. मदतीचे आवाहन करा. मशिदीत नवा माणूस दिसला तर त्याची जुनी वही उघडू नका. मोहल्ल्याने वाया गेलेला म्हणून सोडलेल्या पोरांपर्यंत पुन्हा जा, कारण जागा सोडून जाणे हीच तर ती घाई होती जिच्यापासून या कथेने सावध केले.

आणि खतम ठेवणाऱ्यांना एवढेच. बिया मोजा, माझी ना नाही. पण मदरशाच्या मुलांकडून सव्वा लाख वेळा "जुलूम करणारा मी" म्हणवून घेण्याआधी घरच्या कर्त्याने एकदा एकटे बसून ते स्वतः म्हणावे, आणि म्हणताना कोणाचा दगड आपल्या पायात बसला आहे ते आठवावे. भावाचा हिस्सा, बहिणीचा वारसा, नोकराची मजुरी, शेजाऱ्याची हातभर जमीन. तो दगड उपटून दिला तर एकदा म्हटलेलेही पुरे होईल, इन्शाअल्लाह.

त्या दिवशी खतम संपला, दुआ झाली, जर्दा वाढला गेला. उठताना मी चाचांना विचारले, "चाचा, उस मुल्क में भी तो कोई अपना बच्चा ढूँढ रहा होगा ना?" चाचा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो व्हिडिओ पुसून टाकला आणि चादरीबाहेर सांडलेल्या दोन-तीन बिया उचलून ढिगात ठेवल्या.

या अल्लाह, ज्यांच्यावर तू दया करतोस त्यांच्याविषयी आमच्या मनात राग ठेवू नकोस. आम्हाला आमची जागा सोडू देऊ नकोस. आणि आम्ही अंधारात असू तेव्हा आमची स्वतःची चूक आम्हाला दाखव. आमीन.